मोटारमहाराज

ग्रहण लागायच्या आधी विष्णुमहाराज पाण्याच्या हंड्यावर, लोणच्याच्या बरणीवर आणि मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीवर दर्भ ठेवीत. पहिल्या दोन ठिकाणी तो अमरावतीत घरोघर ठेवला जाई. तिसऱ्या ठिकाणी ठेवणारे ते एकटेच होते, कारण अंबागेटच्या आत भिक्षुकी करणाऱ्या माणसाच्या दारात मोटार उभी असण्याचा तो एकच प्रकार होता.

मी त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आलो, त्याच आठवड्यात चंद्रग्रहण होतं. पुण्याकडून आलेला, हायस्कुलात संस्कृत शिकवणारा मास्तर मी. संध्याकाळी बाहेर आलो तर एक उंच, हाडकुळा माणूस सोवळं नेसून एका लांबलचक काळ्या मोटारीच्या मागच्या अंगाला वाकला होता आणि टाकीच्या झाकणाखाली दर्भाची काडी खोचत होता. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, "पेट्रोल पातळ पदार्थ आहे, मास्तर. त्याले ग्रहणाचा दोष लागते." आणि हसले नाहीत. हा माणूस थट्टा करतो की खरं बोलतो, हे मला पहिलं वर्षभर कळलं नाही. पुढं वाटायला लागलं की ते त्यांनाही नक्की माहीत नसावं.

वऱ्हाडात भिक्षुकाला महाराज म्हणतात. गावात महाराज पुष्कळ होते, म्हणून यांना मोटारमहाराज म्हणत. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात कौतुक कमी आणि टोचणी जास्त होती, कारण ती मोटार त्यांनी विकत घेतली नव्हती आणि तिला कुणी भेट म्हणावं अशीही ती नव्हती. ती दानात आली होती, आणि तेही मेलेल्या माणसाच्या नावानं दिलेल्या दानात.

ती हकिगत त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही ओसरीवर सुपारी कातरताना, दुसऱ्याची गोष्ट सांगावी तशी. हिवरखेडकडचे एक मोठे कास्तकार होते, नारायणराव देशमुख. लोक त्यांना रावसाहेब म्हणत. अकोल्याला त्यांचं घर होतं आणि लढाईच्या आधी घेतलेली ही अमेरिकन मोटार होती. देह भारी, गुडघे कायमचे धरलेले. त्यामुळं शेताच्या बांधावरसुद्धा ते मोटारीतून जात. ते वारले तेव्हा तेराव्याच्या आत शय्यादान करायचं ठरलं. म्हणजे गेलेल्याला पुढच्या वाटेवर लागेल ते सगळं ब्राह्मणाला द्यायचं: पलंग, गादी, छत्री, जोडे, काठी. वाहन म्हणून बहुतेक लोक चांदीची इवलीशी पालखी देऊन मोकळे होतात. रावसाहेबांची बायको म्हणाली, मी पालखी देणार नाही, मोटार देणार.

असलं दान घ्यायला कुणी सहजी पुढं येत नाही. घेणाऱ्याच्या अंगाला ते चिकटतं म्हणतात, मग त्याला लग्नामुंजीला कुणी बोलावत नाही. अकोल्याच्या महाराजांनी हात जोडले. शोधत शोधत निरोप अमरावतीला विष्णुमहाराजांकडे आला. त्यांचीही घ्यायची इच्छा नव्हती. नाही म्हणून सांगायला ते स्वतः अकोल्याला गेले.

"मंग घेतली कशी?" मी विचारलं. वऱ्हाडी कानावर पडून पडून माझ्या तोंडातही 'मंग' बसला होता.

त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "बाई म्हणे, महाराज, त्यायचे गुडघे दुखतात. एवढ्या लांब ते पायी कसे जातीन? दुखत होते असं नाही म्हणाली, मास्तर. दुखतात म्हणाली. आता तिले नाही कसं म्हणू?"

पुराणात सांगितल्याप्रमाणं गेलेल्या माणसाची वाट वर्षभराची असते. बाईंनी दानाचं पाणी सोडताना एकच अट घातली. वर्षभर ही गाडी वाटेत बंद पडू देऊ नका. ती जिथं बंद पडेल तिथं हे उभे राहतील. विष्णुमहाराज तोवर मोटारीत कधी बसलेसुद्धा नव्हते, पण त्यांनी हो म्हटलं. हो म्हटल्यावर त्यांच्या आयुष्याला जे वळण लागलं, ते मी पुढची दहा-अकरा वर्षं शेजारी राहून पाहिलं.

रावसाहेबांचे म्हातारे ड्रायव्हर गफूरमिया महिनाभर अमरावतीत येऊन राहिले आणि त्यांनी महाराजांना गाडी चालवायला शिकवलं. जाताना ते सांगून गेले, "महाराज, गाडी को दो चीजें मारती हैं. एक जल्दी, और दूसरी कल." महाराजांनी हे वाक्य उपदेशासारखं घेतलं आणि आपल्या पद्धतीनं अमलात आणलं.

'कल'चा, म्हणजे काम उद्यावर ढकलण्याचा, बंदोबस्त पंचांगानं केला. इंग्रजी तारीख माणूस विसरतो, पण भिक्षुक तिथी विसरू शकत नाही, ते त्याचं पोट आहे. दर अमावास्येला इंजिनातलं ऑइल बदलायचं. दर पौर्णिमेला सांध्यासांध्यांना ग्रीस. चतुर्थीला बॅटरीचं पाणी बघायचं, आणि एकादशीला गाडीच्या पोटात काही घालायचं नाही. दशमीला टाकी भरून घ्यायची. बडनेरा रस्त्यावरच्या पंपावरचा माणूस द्वादशीच्या सकाळी यांना पाहिलं की "पारणं का, महाराज?" असं विचारून नळी उचलायचा. एखादी तिथी क्षय झाली तर ऑइल आदल्या दिवशी बदलायचं की दुसऱ्या, यावर त्यांनी माझ्याशी एकदा तासभर चर्चा केली होती. मी आधार विचारला. ते म्हणाले, श्राद्धाले जो नियम तोच इंजिनाले.

अमावास्येला सकाळी त्यांच्या दारात बैलगाडीवाले जमत. निघालेलं काळं ऑइल ते आपल्या चाकांच्या आसाला वंगण म्हणून घेऊन जायचे. महाराज धोतराचा काचा मारून गाडीखाली उताणे पडलेले, पाय तेवढे बाहेर, आणि बाहेर चार-पाच माणसं डबे घेऊन उकिडवी बसलेली. काकू, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणायच्या, "भाऊजी, माह्या नवसाची तिथी यायच्या ध्यानात राहत नाही. सवतीची बरोबर राहते." पण गाडीच्या पाण्याचा डबा त्याच घासून ठेवीत, आणि पाणी फडक्यातून गाळून घेतल्याशिवाय देत नसत.

अधिकमास आला की लग्नमुंजी बंद. बाकीचे महाराज त्या महिन्यात यजमानांच्या दारी अनारसे खात हिंडायचे. आमचे महाराज तो महिना इंजिन उघडून बसायचे. राजापेठेतला एक मिस्त्री हाताशी घ्यायचे आणि सगळं खोलून, साफ करून, झिजलेलं बदलून परत बसवायचे. मळ काढायले हाच महिना सांगितला आहे, असं त्यांचं म्हणणं. मोटारींतलं मला फारसं कळत नाही. पण त्याच सुमारास घेतलेल्या गावातल्या श्रीमंतांच्या दोन मोटारी माझ्या डोळ्यांदेखत भंगारात गेल्या, आणि ही मात्र रोज सकाळी पहिल्या हँडलला खाकरून उठायची.

'जल्दी'चा इलाज आणखी मजेचा. वेग दाखवणारा काटा केव्हाच मेला होता. तेव्हा महाराज वेग स्तोत्रांवर मोजत. घरून निघाल्यावर जे स्तोत्र सुरू करायचं ते बडनेऱ्याच्या फाटकापाशी संपलं पाहिजे. फाटक आधी आलं, म्हणजे गाडी जास्त पळाली. मग ते पुढच्या टप्प्यात मोठं स्तोत्र घेत. सायकलवाली पोरं आम्हाला मागं टाकून जायची आणि जाताना घंटी वाजवायची. महाराजांचं लक्ष नसायचं. ते पाटावर बसावं तसे ताठ बसलेले, उपरणं कानांवरून बांधलेलं, आणि पाय अनवाणी. चपला मागं काढून ठेवलेल्या. क्लचवर चामड्याचा पाय ठेवणं त्यांना बरं वाटत नसे.

तर असं ते पहिलं वर्ष पार पडलं. त्या वर्षात त्यांनी आणखी दोन नेम पाळले. वाटेत, म्हणजे घरून निघून जायचं ते गाव येईपर्यंत, इंजिन बंद करायचं नाही. मूर्तिजापूरला चहा प्यायचा तर तो खिडकीतून, इंजिन धडधडत असताना. आणि गाडी मागं घ्यायची नाही. स्मशानातून परततानासुद्धा मागं वळून पाहत नाहीत, मग गेलेल्याचं वाहन मागं कसं जाईल? गफूरमियांनी मागं जाण्याचा गिअर शिकवायला घेतला तेव्हा महाराजांनी त्यांना तिथंच थांबवलं होतं.

याचा परिणाम मी बार्शीटाकळीला पाहिला. वास्तुशांत होती. यजमानानं कौतुकानं गाडी थेट घरापर्यंत आणायला लावली, आणि ती गल्ली पुढं बंद. जेवणं झाली, दक्षिणा झाली, आणि महाराज स्टीअरिंगपुढं हात जोडून बसले. यजमान म्हणाला, मागं घ्या. महाराज म्हणाले, येत नाही. यजमानाला वाटलं गाडीला मागं जाता येत नाही. त्यानं बैलजोडी मागवली. महाराजांनी तीही नाही म्हटली, कारण बैलांनी ओढलं तरी गाडी मागंच जाणार. शेवटी पंगतीतून उठलेली दहा-बारा दांडगी माणसं पुढं झाली आणि त्यांनी गाडीचा मागचा भाग उचलून, थोडा थोडा सरकवत, गल्लीतच तिचं तोंड फिरवलं. महाराज बाजूला उभे राहून मंत्र म्हटल्यासारखं पुटपुटत होते. मी वाटेत म्हटलं, हे मागं जाणंच झालं की. ते म्हणाले, "तोंड फिरवणं वेगळं, मास्तर. प्रदक्षिणेत नाही का आपण फिरत?" या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याच्याकडे हरणारी बाजूच नव्हती.

वर्ष संपलं. वर्षश्राद्धाला महाराज मोटार घेऊन अकोल्याला गेले. कार्य आटोपल्यावर त्यांनी बाईंना सांगितलं, वाट संपली, रावसाहेब पोचले. आता गाडी चालली काय आणि थांबली काय, दोष नाही. बाई फाटकापर्यंत आल्या, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि विचारलं, "पुढच्या साली गाडीच घेऊन याल ना, महाराज?"

झालं. एवढ्या एका प्रश्नानं त्यांचे नेम आयुष्यभराचे झाले. बाईचं मन मानत नाही, असं त्यांनी ठरवलं. तिच्या लेखी रावसाहेब अजून वाटेतच आहेत. तेव्हा ती आहे तोवर गाडी वाटेत थांबायची नाही. मी त्यांना एकदा सरळ विचारलं होतं, तुमचा स्वतःचा यावर विश्वास आहे का? ते म्हणाले, "मी मानून राहिलो का नाही, याले कोण विचारते? बाई मानते. बाईच्या दारात दरसाल गाडी गेली पायजे, आन् चालत गेली पायजे." मग म्हणाले, रात्री झोपेत इंजिनाचा आवाज चुकल्यासारखा वाटला की मी दचकून उठतो. हे सांगतानाही आवाजात तक्रार नव्हती.

या दानाची किंमत त्यांनी मोजली, ती मला शेजारी राहून दिसली. सुरुवातीच्या वर्षांत बुधवाऱ्यातल्या दोन-तीन मोठ्या घरांनी त्यांना शुभकार्याला बोलावणं सोडलं. पंगतीत इतर महाराज त्यांच्यापासून जरा सरकून बसत. त्यांची मोटार ही तेराव्याची मोटार, तिच्यात कोण बसणार? ते एकटेच खेडोपाडी हिंडायचे. मोटार असल्यामुळं सकाळी नांदगाव पेठेत एक कार्य आणि दुपारी दुसऱ्या गावात दुसरं, असं त्यांना जमे, आणि त्यावर गाडीचंही निभे. पण काकू त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. मी मात्र बसलो. मास्तर नास्तिक आहे म्हणून बसला, असं लोक म्हणाले. खरं कारण एवढंच, की मला बसची वाट पाहायचा कंटाळा.

बसलो तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. मागची डावीकडची जागा मोकळी ठेवायची. ती रावसाहेबांची. तिथं महाराज आपली पिशवीसुद्धा ठेवत नसत. एकदा उन्हाळ्यात आम्ही मूर्तिजापूरला लग्नाला निघालो होतो. महाराज लग्न लावणार होते, मी नुसता जेवणार होतो. वाटेत त्याच लग्नाच्या वऱ्हाडाची बस टायर फुटून उभी, नवरदेव मुंडावळ्या हातात धरून रस्त्यावर येरझारा घालतोय, आणि मुहूर्त जवळ आलेला. नवरदेवाचा काका मोटार ओळखून दोन पावलं मागं सरला. तो काही बोलायच्या आत नवरदेवच म्हणाला, मुहूर्त टळला तर सासरे जन्मभर डोक्यावर बसतील, त्यापेक्षा गाडीत भूत शेजारी बसलेलं परवडलं. आणि तो चढला. त्याच्यामागं काका, करवली आणि दोन मित्र. महाराजांनी सगळ्यांना नीट जागा वाटून दिली, म्हणजे रावसाहेबांची जागा सोडून उरलेल्या जागेत कोंबलं. नवरदेव मुहूर्तावर पोचला तो काकाच्या मांडीवर बसून. पुढं त्याचा संसार चांगला झाला, त्यामुळं गाडीची अपकीर्ती आपोआप ओसरली, आणि लोक वरातीला ती मागायला लागले. महाराजांनी एकालाही दिली नाही. गाडी दुसऱ्याची आहे, मी फक्त चालवून राहिलो, असं म्हणत.

मैल मोजणारं मीटर मात्र शाबूत होतं. त्याचे सगळे आकडे भरून ते पुन्हा शून्यावर आलं, त्या दिवशी महाराजांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं आणि काकूंना पुरण घालायला लावलं. मी विचारलं, ही साठी म्हणायची की बारसं? ते म्हणाले, "बारसं कसं? शरीर जुनंच आहे. पण मागचं सारं माफ." काही वर्षांनी मीटरचे आकडे पुन्हा बरेच चढले होते. नागपूरला कुणाची अशीच मोटार मोडीत निघाली की महाराज तिचे सुटे भाग पोत्यात घालून आणत. त्यांच्या माजघरात देवांच्या फडताळाखाली एक फडताळ नुसतं त्या भागांचं होतं.

आता त्या दिवसाचं सांगतो. रावसाहेबांची तिथी पौष वद्य पंचमीची. मी तोवर त्यांच्याबरोबर पाच-सहा वेळा तरी अकोल्याला गेलो असेन. दर वेळी तेच दृश्य. रामदासपेठेत गाडी वळली की पांढरं लुगडं नेसलेल्या ठेंगण्या बाई फाटकात उभ्या दिसायच्या. गाडी थांबली की पुढं येऊन बॉनेटवर हात ठेवायच्या. इंजिन गरम असायचं, म्हणून हात लगेच उचलायच्या, आणि मग म्हणायच्या, चला, पानी काढलं आहे. त्या एका क्षणासाठी आमचे महाराज वर्षभराच्या अमावास्या-पौर्णिमा करत होते. बाईंचा हात बॉनेटवर पडला की त्यांचे खांदे खाली यायचे. हे मी पाहिलेलं आहे.

त्या वर्षी थंडी छान होती. कापसाचा हंगाम, रस्त्यावर गाड्यांच्या रांगा, आणि कडेच्या बाभळींना अडकलेला कापूस. आम्ही मूर्तिजापूर सोडलं, कुरणखेडचा काटेपूर्णेवरचा पूल ओलांडला, आणि थोडं पुढं गेल्यावर इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं. गाडी आपल्या वजनानं थोडी पुढं जाऊन एका निंबाखाली थांबली.

महाराज स्टीअरिंग धरून तसेच बसून राहिले. स्तोत्र अर्ध्यावर तुटलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, मला पाहवलं नसतं. मग ते उतरले आणि बॉनेट उघडून कामाला लागले. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पातळ पडदा फाटला होता. बरोबर घेतलेल्या सुट्या भागांच्या पोत्यात जगातलं सगळं होतं, नेमका तो नव्हता. दीड-दोन तास असेच गेले. मग एक सरदारजी ट्रक थांबवून उतरला. त्यानं पेट्रोलचा डबा मोटारीच्या टपावर दोरीनं बांधला आणि तिथून रबराची नळी थेट इंजिनात सोडली. उतारानं पेट्रोल आलं आणि गाडी सुरू झाली.

पुढच्या वाटेवर महाराजांनी स्तोत्र म्हटलं नाही. बोरगाव मागं पडल्यावर मी हळूच म्हटलं, बाईंना काय कळणार आहे? रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून सांगू. डबा गल्लीच्या तोंडाशी उतरवू, तेवढ्यात इंजिनात उरलेल्या पेट्रोलवर गाडी दारापर्यंत जाईल. मी हे वाईट बुद्धीनं म्हटलं नव्हतं. सत्तरीच्या बाईला कशाला दुखवायचं, एवढंच मनात होतं.  डबा टपावर तसाच राहिला.

बाई फाटकात उभ्या होत्या. इतका उशीर झाला होता तरी उभ्या होत्या. कुणीतरी त्यांना बसायला मोडा आणून ठेवला होता, तो बाजूला रिकामा होता. त्या पुढं यायच्या आत महाराज गाडीतून उतरले, अनवाणीच, आणि त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बाईसाहेब, आज गाडी वाटेत थांबली. कुरणखेडच्या अलीकडं. लई वेळ थांबली."

बाईंनी टपावरच्या डब्याकडे पाहिलं, मग महाराजांकडे पाहिलं.

"झाड व्हतं का तिथं?" त्यांनी विचारलं.

"होतं. निंब होता."

"मंग बरं झालं. सावलीत बसले असन घडीभर." आणि त्या हसल्या. "महाराज, तुमी असं तोंड कावून केलं? ते त्या सालीच पोचले. तुमीच तर मले सांगतलं व्हतं वर्षश्राद्धाले. तुमी सांगावं आन् मी मानू नये का?"

 महाराजांनी विचारलं, मग दरसाल तुम्ही अशा दारात कशाला उभ्या राहता?

बाई जरा संकोचल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "तुमी त्या गाडीले एवढं धुऊन-पुसून, एवढ्या मायेनं आनता. मले वाटे, महाराजायचा भारी जीव आहे गाडीवर. दारात पाहाले कोनी उभं नसलं, तर तुमाले कसं वाटन?"

मी गाडीच्या पलीकडं उभा होतो. पुण्याच्या माणसाला या बोलीचा आडदांडपणा फार जाणवतो म्हणतात, मलाही पहिली दोन वर्षं जाणवला होता. त्या दिवशी तो मला कुठं सापडला नाही. दोन शहाणी माणसं इतकी वर्षं एकमेकांचं मन जपत होती आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. महाराज पाय धुवायला आत गेले. श्राद्ध नेहमीसारखं झालं. 

अकोल्यात पंपाचा पडदा मिळाला. तो बसवून आम्ही दुसऱ्या दिवशी जेवण करून निघालो. निघताना बाई फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, पुढच्या साली बसनं या, नाहीतर आगगाडीनं या. या म्हणजे झालं.

पुढं उन्हाळ्यात माझी बदली झाली आणि मी वऱ्हाड सोडलं. त्यानंतर महाराजांची पत्रं येत राहिली, पण भेट अशी झाली नाही. त्यामुळं त्यांची आठवण काढली की मला त्या परतीच्या वाटेवरचे महाराज दिसतात. बोरगाव गेलं, काटेपूर्णा गेली, तरी त्यांनी स्तोत्र सुरू केलं नव्हतं. मूर्तिजापूर अजून दूर होतं आणि दोन्हीकडं नुसती तुरीची शेतं होती. तिथं एका मोठ्या निंबाखाली त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मला वाटलं पुन्हा काही बिघडलं. ते उतरले, उपरणं झटकून मातीवर अंथरलं, हाताची उशी केली आणि आडवे झाले. इतक्या वर्षांत त्या रस्त्याची शांतता मी पहिल्यांदा ऐकली. तुरीत कुठंतरी एक होला घुमत होता.

कापसाची एक बैलगाडी आमच्याजवळ येऊन मंदावली. गाडीवान मोटारीकडे पाहून म्हणाला, "बंद पडली काय जी?"

मी उत्तर द्यायच्या आधी महाराज डोळे मिटूनच बोलले. "नाही रे बाबा. मी झोपून राहिलो."